मंडळी सोडल्यानंतरचे समुपदेशन : चौदा महिन्यांच्या अनुभवावरून एका सेवेचे परीक्षण

ज्या सेवेविषयी मी लिहीत आहे ती पुण्यातील एका लहान समुपदेशन केंद्रात चालते. धार्मिक समूहाच्या कडक नियंत्रणातून बाहेर पडलेल्या माणसांसाठी वैयक्तिक भेटी आणि महिन्यातून एकदा गटाची बैठक, असे तिचे स्वरूप आहे. केंद्राचे नाव मी लिहिणार नाही, कारण गटात येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी तसे मान्य केलेले असते. आमच्यापैकी काहींचे आईवडील, नवरा किंवा मुले अजून त्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या किंवा तशा धार्मिक समूहांमध्ये, आहेत, आणि अमुक जागेच्या दाराशी अमुक माणूस दिसला ही बातमी तिथे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेली असते. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण मला गरज होती तेव्हा अशी सेवा कशी असते, तिच्याकडून काय मागावे आणि कशाला नकार द्यावा, हे मराठीत कुठेही वाचायला मिळाले नव्हते.

फेब्रुवारी २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात माझ्या २६ वैयक्तिक भेटी झाल्या आणि मी ११ बैठकांना गेले. पहिली भेट दीड तासाची असून तिचे १५०० रुपये पडले. त्यानंतरच्या पन्नास मिनिटांच्या भेटीला १००० रुपये होते. आठव्या भेटीनंतर माझी आर्थिक स्थिती विचारून ती फी ६०० रुपये करण्यात आली, आणि त्यासाठी मला कोणताही दाखला किंवा पगाराची चिठ्ठी दाखवावी लागली नाही. बैठकीचे प्रत्येकी २०० रुपये धरून सगळा खर्च २१,५०० रुपये झाला. खाजगी शाळेत शिकवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. पगाराची चिठ्ठी मागितली नाही, या गोष्टीला मी महत्त्व का देते हे पुढे कळेल.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले, आणि त्या कामातून ज्या घराण्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांपैकी आमचे एक. माझी पिढी पाचवी. आमची जुनी मंडळी १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे. वडील शाळामास्तर होते आणि रविवारी संध्याकाळी पेटी पुढ्यात घेऊन रेव्हरंड टिळकांची भजने म्हणत. २०१० साली नोकरीसाठी मी पुण्यात आले, खोली घेऊन एकटी राहू लागले, आणि शेजारच्या मुलीबरोबर एका स्वतंत्र मंडळीच्या उपासनेला गेले. ती उपासना भाड्याच्या मंगल कार्यालयात भरत असे. तिथल्या लोकांनी मला पहिल्याच महिन्यात आपली मानले. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे कोणी ना कोणी दोन्ही वेळचा डबा आणून देत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘तुम्ही तिथे इतकी वर्षे राहिलातच कशा’ असे विचारणाऱ्यांना या डब्यांची कल्पना नसते.

नियंत्रण हळूहळू आले. पहिल्या वर्षी कोणी काहीही मागितले नाही. पुढे दर गुरुवारी सेल लीडरकडे, म्हणजे मंडळीतल्या लहान गटाच्या प्रमुखाकडे, पापांची कबुली देणे सुरू झाले, त्यानंतर पगाराची चिठ्ठी दाखवून दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणे आले, आणि तोही हातात पडणाऱ्या पगारावर नव्हे तर कपातीच्या आधीच्या रकमेवर. नोकरी बदलायची असेल, घर बदलायचे असेल, सुट्टीत गावी जायचे असेल, तर आधी ‘कव्हरिंग’ घ्यायचे, म्हणजे पास्टरांची परवानगी घ्यायची. घरून आलेली दोन स्थळे त्यांनी नाकारली आणि मी ते प्रभूचे उत्तर समजले. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला ती ‘मेलेली मंडळी’ ठरली, त्यामुळे नाताळला नगरला गेले तरी मी आईवडिलांबरोबर उपासनेला बसत नसे. एका गुरुवारी दिलेली कबुली पुढच्या रविवारी नाव न घेता उपदेशात आली, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला ती कोणाची हे ठाऊक होते. शंका विचारणाऱ्याला एकच वचन ऐकवले जाई : अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला, हात लावू नका.

ऑगस्ट २०१९ मध्ये वडील गेले. घरून फोन आला तेव्हा आमची तीन दिवसांची उपास-प्रार्थना चालू होती. ‘मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू द्या’ हे येशूचे वाक्य मला त्या दिवशी सांगण्यात आले, आणि मी थांबले. वडिलांच्या मातीला मी पोचले नाही.

टाळेबंदीच्या काळात उपासना मोबाईलवर आल्या आणि सभागृहापासून कित्येक महिने लांब राहिल्यावर माझ्या लक्षात आले की मला रात्री झोप लागू लागली आहे. जुलै २०२१ मध्ये मी मंडळी सोडली. आठवड्याच्या आत अकरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मैत्रिणींनी माझा नंबर बंद करून टाकला. ज्या मैत्रिणीने टायफॉइडमध्ये डबे आणले होते तिने रस्त्यात मला पाहून पलीकडचा फुटपाथ धरला. तिला तसे करायला सांगितले होते हे मला माहीत आहे, कारण पूर्वी दुसऱ्या एकीच्या बाबतीत मीही तसेच केले होते.

त्यानंतरच्या दीड वर्षाची स्थिती थोडक्यात सांगते, कारण सेवेचा उपयोग झाला की नाही हे त्यावरूनच ठरवता येईल. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडले की छातीत धडधड व्हायची. उपासनेत प्रार्थनेच्या वेळी कीबोर्डवर जे संथ सूर वाजवत तसे सूर दुकानात किंवा रिक्षात कानावर पडले तरी हाताला घाम सुटायचा. ख्रिस्ताचे पुनरागमन झाले आहे, सगळे वर स्वर्गात घेतले गेले आहेत आणि मी एकटीच मागे राहिले आहे, हे स्वप्न आठवड्यातून दोनतीनदा पडायचे. पण सर्वांत अवघड गोष्ट दिसायला क्षुल्लक होती : मला काहीही ठरवता येत नव्हते. जुन्या प्रेशर कुकरचे झाकण खराब झाले, तेव्हा नवा तीन लिटरचा घ्यावा की पाच लिटरचा यासाठी मी लक्ष्मी रोडवरच्या दुकानात चार वेळा गेले आणि चारही वेळा रिकाम्या हाताने परत आले.

या सेवेकडे येण्याआधी मी दोन दारे वाजवली होती. एका समुपदेशकाने अर्ध्या तासात निष्कर्ष काढला की धर्म हेच माझ्या दुःखाचे मूळ आहे आणि देवावरचा विश्वास सोडला की मी मोकळी होईन. दुसरीकडे एका ज्येष्ठ पाळकांनी मनापासून प्रार्थना केली आणि सांगितले की क्षमा केल्याशिवाय बरे वाटणार नाही, तेव्हा आधी क्षमा करावी. दोघांचाही हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. परंतु दोघांनीही माझे ऐकून घेण्याच्या आधी मी काय करायचे ते ठरवून टाकले, आणि माझे दुखणे नेमके तेच होते. मधल्या काळात एका रात्री दोन वाजता मी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ या क्रमांकावर, फोन केला. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू आहे, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. त्या रात्रीपुरता त्या बोलण्याचा आधार झाला, आणि असा त्रास सलग काम करणाऱ्या माणसाकडे न्यावा हे मला तिथेच प्रथम नीट कळले.

आता मुख्य सेवेविषयी. समुपदेशक ताई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असून त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी नोंदणी संस्थेकडे आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे आणि त्यांनी ते स्वतःहून दाखवले. त्या ख्रिस्ती नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी माझी हकिकत ऐकण्यापूर्वी गोपनीयतेची चौकट समजावली : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मला गोपनीयतेचा हक्क आहे, जिवाला धोका दिसला तर मात्र त्यांना इतर कोणाला तरी कळवावे लागेल, आणि त्या माझ्याविषयी काय टिपून ठेवतात ते मी कधीही वाचू शकते. अकरा वर्षे माझ्या कबुल्या कुठे लिहिल्या जात होत्या आणि कोण वाचत होते हे मला कधी कळले नव्हते. त्यामुळे त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी पहिल्यांदा रडले. त्या दिवशी त्यांनी ‘तुम्ही इतकी वर्षे का राहिलात’ असे विचारले नाही. ‘तिथे चांगले काय होते’ असे विचारले, आणि मी त्यांना डब्यांची गोष्ट सांगितली.

याच पहिल्या दिवशी सेवेतला एक दोषही दिसला. नोंदणीच्या अर्जात ‘धर्मांतर केव्हा केले’ असा रकाना होता. ज्याने तो तयार केला त्याच्या मनात वाईट काही नसेल, परंतु ख्रिस्ती म्हणजे काल-परवा धर्म बदललेला माणूस हे गृहीत धरणे किती दुखावणारे असते, हे पाच पिढ्यांच्या घरातून आलेल्या माणसालाच कळते. मी तो रकाना कोरा ठेवला आणि त्याविषयी बोलायला मला सहा महिने लागले.

कामाची पद्धत साधी होती आणि तिचा वेग मी ठरवत होते. माझ्याकडे दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर मनात येणारे भीतीचे वाक्य लिहायचे, उजव्या पानावर ते वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून, कुठे आणि कोणत्या प्रसंगी ऐकले ते लिहायचे. ‘मंडळी सोडणाऱ्याच्या घरावर शाप येतो’ हे वाक्य मी कित्येक महिने देवाचे समजत होते. उजवे पान लिहिताना आठवले की ते २०१४ च्या एका शिबिरात, एक कुटुंब सोडून गेल्यानंतरच्या रविवारी उच्चारले गेले होते. ताईंनी त्यावर काहीही भाष्य केले नाही. त्यांनी फक्त तारीख नीट आठवते का असे विचारले. अशी साठ-सत्तर वाक्ये लिहून झाल्यावर मला स्वतःलाच दिसू लागले की माझ्या डोक्यातला देवाचा म्हणून जो आवाज होता, त्याचा हेल एका विशिष्ट माणसाचा होता.

त्याच्या जोडीला निर्णयांचा सराव होता. दर आठवड्याला एक गोष्ट कोणालाही न विचारता ठरवायची, आणि ती चुकली तर चुकू द्यायची. पहिल्या आठवड्यात चहाची पूड बदलली. पाचव्या आठवड्यात केस कापले. अकराव्या आठवड्यात पाच लिटरचा कुकर घेतला. एकट्या माणसाला तो मोठा होतो, तरीही तो मी बदलून आणला नाही. या सरावाच्या काळात मी ताईंना वारंवार ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारत असे. त्यांचे मत असेच, पण अशा प्रश्नांवर त्या ते लगेच देत नसत. आधी माझे मत विचारत, आणि माझे मत नाही असे मी म्हटले तर मत तयार होईपर्यंत थांबत. सुरुवातीला मला याचा राग येत होता, कारण पैसे देऊनही उत्तर मिळत नाही असे वाटे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लक्षात आले की त्यांनी उत्तर दिले असते तर मी पास्टरांच्या जागी त्यांना बसवले असते. जी सेवा अशा माणसाला स्वतःवर अवलंबून ठेवत नाही तीच त्याच्या कामाची, हे माझे या चौदा महिन्यांनंतरचे ठाम मत आहे, आणि याच कारणासाठी मी या सेवेला मनापासून चांगले म्हणते.

माझ्या त्रासाला नाव काय, हा प्रश्न मी बऱ्याच उशिरा विचारला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की ‘धार्मिक आघात’ असे वेगळे निदान आजाराच्या अधिकृत वर्गीकरणात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी २०११ साली अशा लक्षणांच्या समूहाला एक नाव सुचवले, आणि ते वाचून पुष्कळांना दिलासा मिळाला, परंतु सुचवलेले नाव आणि मान्य निदान यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात मात्र दीर्घकाळच्या, सुटका अवघड असलेल्या त्रासातून येणाऱ्या जटिल आघातोत्तर विकाराला स्वतंत्र जागा आहे. माझी लक्षणे त्याच्या काही निकषांत बसतात आणि काहींत बसत नाहीत, हेही त्यांनी एकेक निकष वाचून दाखवून सांगितले. त्याच भेटीत त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांच्या १९६१ सालच्या मांडणीचा उल्लेख केला. चीनमध्ये सक्तीच्या विचार-परिवर्तनातून गेलेल्या माणसांशी बोलून त्यांनी अशा वातावरणाची आठ लक्षणे मांडली होती. सतत कबुली घेणे हे त्यांतले एक, आणि ठरावीक शब्दांनी विचार थांबवणे हे दुसरे. चिनी तुरुंग आणि पुण्यातले मंगल कार्यालय यांची बरोबरी होत नाही, असे ताईंनी लगेच पुढे म्हटले. तरीही ती आठ लक्षणे ऐकताना मी प्रत्येकापुढे ‘कव्हरिंग’, ‘बंडखोर आत्मा’, ‘मागे गेलेली’ असे आमचे शब्द लिहीत गेले आणि एकही जागा रिकामी राहिली नाही.

सेवेचा जो भाग मला इतर कुठे मिळाला असता असे वाटत नाही, तो बैठकीशी जोडलेला आहे. दर दुसऱ्या बैठकीला धर्मशास्त्राचे एक निवृत्त मराठी प्राध्यापक येतात. ज्यांना शास्त्राविषयी ऐकायचे नसेल त्यांनी त्या अर्ध्या तासात बाहेर चहा घ्यावा असे आधीच सांगितलेले असते, आणि खरोखरच काही जण उठून जातात. मी पहिल्या दोन वेळा उठून गेले. तिसऱ्या वेळी थांबले, तेव्हा ते अभिषिक्ताच्या वचनाविषयी बोलत होते. ते वचन स्तोत्र १०५ मध्ये आहे, आणि तिथे अभिषिक्त कोण आहेत हे आधीच्या ओळी वाचल्या की कळते : अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचे संख्येने थोडे, परके, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारे कुटुंब. ताकीद मिळते ती राजांना. म्हणजे सत्ता असलेल्याने सत्ता नसलेल्याला हात लावू नये, असा त्या ओळीचा रोख आहे. सर एवढे बोलून थांबले. ज्या वाक्याने अकरा वर्षे माझे तोंड बंद ठेवले होते ते माझ्याच बाजूचे होते, हे समजायला मला तो संपूर्ण दिवस लागला.

‘कव्हरिंग’चा इतिहासही त्यांनीच सांगितला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, फोर्ट लॉडरडेल इथे, पाच उपदेशकांनी अशी शिकवण पुढे आणली की प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका मेंढपाळाच्या, म्हणजे मंडळीतल्या पुढाऱ्याच्या, अधीन राहावे आणि नोकरी, लग्न, पैसा याबाबतचे मोठे निर्णय त्याच्या संमतीने घ्यावेत. ती चळवळ पुढे मोडली, आणि त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९८९ साली जाहीर माफी मागितली. पुढाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातले वचन आम्हाला नेहमी ऐकवत. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदात पटवून घेणे, खात्री होणे हाही अर्थ आहे, असे सरांनी फळ्यावर लिहून समजावले. मी ज्याला अनादी देववचन समजत होते ती शिकवण माझ्या आईच्या लग्नाच्या सुमाराची निघाली.

त्याच बैठकीत कोणीतरी विचारले की असा प्रश्न करणारे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात पूर्वी कोणी होते का. सरांनी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, आपली गुरू मानलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत, त्यांनी स्पष्ट कळवले की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, परंतु धर्मगुरूंच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारायला बांधलेली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे. लहानपणी केडगावच्या मुक्ती मिशनला आमची सहल गेली होती आणि तिथे रमाबाईंच्या भक्तीविषयी पुष्कळ ऐकले होते. त्यांच्या या नकाराविषयी मात्र मी पस्तिशी उलटेपर्यंत ऐकले नव्हते, आणि मला वाटते की आपल्या रविवारच्या शाळांमधून त्यांच्या भक्तीइतकाच हा नकारही मुलांना सांगितला गेला पाहिजे.

गटात आठ ते बारा माणसे असतात. सगळी ख्रिस्ती नाहीत. एक बाई एका बाबांच्या आश्रमातून बाहेर पडलेल्या आहेत आणि त्यांच्या व माझ्या वहीतली वाक्ये कित्येकदा शब्दशः सारखी निघाली. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही, दुसऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची नाही, असे तीन नियम आहेत. तिसरा नियम कोणाला कठोर वाटेल, पण आमच्यापैकी बऱ्याच जणांना प्रार्थनेच्या निमित्तानेच चारचौघांत बोलणी खावी लागली होती. आणखी एका गोष्टीची तिथे उघड चर्चा झाली, आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. आम्ही ख्रिस्ती माणसे अशा अनुभवांविषयी गप्प राहतो याचे एक कारण असे की बाहेर बोललेला शब्द संपूर्ण समाजाविरुद्ध वापरला जाईल अशी भीती असते, आणि ती भीती निराधार नाही. मंडळीतले पुढारीही नेमकी हीच भीती दाखवून लोकांना गप्प बसवतात. ताईंनी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे मान्य केले आणि कोणी कुठे किती बोलायचे याचा निर्णय ज्याच्या त्याच्याकडे ठेवला.

उणिवा आहेत, आणि त्यांतल्या दोन गंभीर आहेत. बैठक रविवारी सकाळी दहाला भरते. ज्यांना रविवारची सकाळ रिकामी जाणे सहन होत नाही त्यांच्यासाठी ही वेळ ठेवली आहे, हे कारण मला पटते. पण ज्याला एखाद्या साध्या, मोकळ्या मंडळीत पुन्हा जाऊन बघायचे आहे त्याला ही वेळ त्या वाटेवर आडवी येते. मी स्वतः त्यामुळे नगरच्या मंडळीतल्या उपासनेला आणि बैठकीला आलटून पालटून जात होते. दुसरी उणीव मुलांविषयीची आहे. जे अशा मंडळीत जन्मले आणि वाढले त्यांना परत जाण्यासाठी पूर्वीचे काही आयुष्य नसते. माझ्याकडे वडिलांची पेटी होती, त्यांच्याकडे तसे काहीच नसते. गटात अशी दोन तरुण मुले आली आणि तीन बैठकांनंतर यायची थांबली. त्यांच्यासाठी वेगळी योजना नाही, ती असायला हवी.

त्याखेरीज भाषेची अडचण जाणवते. ताई मराठीतच बोलतात, पण ट्रिगर, बाउंड्री, व्हॅलिडेशन असे शब्द सतत येतात, आणि घरी देण्याचे छापील साहित्य सगळे इंग्रजी आहे. माझ्याबरोबरच्या एका मावशींना ते मी वाचून सांगत असे. ऑनलाइन भेटी मी चारदा घेतल्या आणि त्या मला निरुपयोगी वाटल्या, कारण एकाच खोलीच्या घरात भिंतीपलीकडे आवाज जातो. दिलेल्या पैशांविषयी, गहाण टाकलेल्या दागिन्यांविषयी किंवा मुलांच्या ताब्याविषयी कायदेशीर सल्ला इथे मिळत नाही. वकिलाकडे पाठवतात, तिथून पुढे माणूस एकटा पडतो.

ही सेवा कोणासाठी नाही, हेही सांगायला हवे. ज्याला आपण योग्य केले असा शिक्का तातडीने हवा आहे त्याची इथे निराशा होईल. ज्याला पास्टरांवर फिर्याद करायची आहे त्याने आधी वकील आणि पोलीस यांच्याकडे जावे. ज्याला अजून सोडायचे की नाही हे ठरलेले नाही त्याने मात्र जरूर यावे. त्याला सोडायला सांगितले जात नाही, आणि आमच्या गटात आठ महिने येऊनही आपल्या मंडळीत राहण्याचा निर्णय घेतलेल्या एका गृहस्थांचा आजही तितकाच आदर राखला जातो.

माझ्यापुरते सांगायचे तर मागे राहिल्याचे स्वप्न आता महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी पडते. कीबोर्डचे ते सूर मला अजून नकोसे वाटतात. पवित्र शास्त्र मी वाचते, पण दुसऱ्याने मोठ्याने वाचलेले ऐकवत नाही. मार्च २०२४ मध्ये वडिलांच्या कबरीवर गेले आणि त्या दिवशी का आले नाही ते त्यांना सांगितले. मी परतल्यावर आईने विचारले नाही, मीही बोलले नाही, पण संध्याकाळी तिने पेटीवरचे कापड काढले आणि पेटी पुसून ठेवली.

सव्विसाव्या भेटीत मी ताईंना म्हणाले की मला आता थांबायचे आहे. त्यांनी का असे विचारले नाही आणि आणखी दोन भेटी घ्याव्यात असेही सुचवले नाही; पुन्हा यावेसे वाटले तर पहिल्या भेटीची फी पडणार नाही, एवढे सांगितले आणि माझ्या नोंदींची प्रत मला दिली. त्याच वेळी मी अर्जातल्या धर्मांतराच्या रकान्याविषयी लेखी कळवले. त्याविषयी तोंडी बोलून आधी आठ महिने झाले होते आणि काही बदलले नव्हते. जूनमध्ये त्यांनी नवा अर्ज पाहण्यासाठी पाठवला. त्या रकान्याच्या जागी आता दोन प्रश्न आहेत : आपण सध्या कोणत्या धार्मिक समूहात जाता का, आणि त्याविषयी इथे बोलण्याची आपली इच्छा आहे का. दुसऱ्या प्रश्नाखाली ‘आज नाही’ असाही एक चौकोन ठेवला आहे.